नाव घेणं वेगळं, नाव लावणं वेगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यातला एक तरुण दोन सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलरवर सहली काढतो. पावसाळा सरता सरता कास, बामणोली, ठोसेघर, आणि डिसेंबर उजाडला की स्ट्रॉबेरीच्या हंगामात वाई, पाचगणी, महाबळेश्वर. यंदा त्याने या दुसऱ्या सहलीला नाव दिलं ते पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर मोठी बाग असलेल्या, जॅम-सिरपच्या एका नामांकित ब्रँडचं. 'अमुक स्पेशल स्ट्रॉबेरी टूर'. मागच्या काचेवर फ्लेक्स, त्यावर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला लोगो, इन्स्टाग्रामवरही तोच. गेल्या रविवारी पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीच्या मागच्या बाजूचे दोन-तीन फोटो काढले आणि तेव्हापासून याच्या पोटात गोळा आलाय. तो विचारतो, "आम्ही तिथे खरंच गाडी थांबवतो, लोक पिशव्या भरभरून खरेदी करतात, म्हणजे त्यांचीच फुकट जाहिरात. मग परवानगी कशाला? आणि खाली 'कंपनीशी संबंध नाही' असं लिहिलं तर भागेल का?"

ब्रँडचं नाव या तरुणाने प्रश्नात लिहिलंय, मी लिहीत नाही. कंपनीने अजून काही केलेलंच नाही, उगाच तिचं नाव चर्चेत कशाला. खाली सगळीकडे 'अमुक' समजा.

मी साताऱ्यात गेली बावीस वर्षं ट्रेडमार्कची कामं करतो. मसाले, पेढे, दूध, शाळा, क्लासेस आणि अलीकडे ट्रॅव्हल्सवाले बरेच. तुमच्यासारखा प्रश्न दर हंगामात एक-दोनदा तरी येतो, बहुतेक वेळा नोटीस येऊन गेल्यावर. तुम्ही आधी विचारलंत, निम्मं काम तिथेच झालं.

तुम्ही विचारताय, 'आम्ही तिथे जातोच, तर नाव वापरलं म्हणून काय बिघडलं?' कायदा मात्र दुसरंच विचारतो. तुमच्या गाडीच्या मागे पोवई नाक्याच्या सिग्नलला उभा असलेला माणूस ती काच वाचतो, तेव्हा ही सहल कोण काढतंय असं त्याला वाटतं? 'अमुक कंपनी काढते', किंवा निदान 'कंपनीचं आणि यांचं काहीतरी ठरलेलं असणार', असं वाटलं की अडचण सुरू झाली. गाडी तिथे थांबते की नाही, हा मुद्दाच मागे पडतो.

आपल्याकडे उखाण्यात नाव घेतात आणि सातबाऱ्याला नाव लावतात. उखाण्यात नाव घेतल्याने कुणाची गुंठाभर जमीन जात नाही. सातबाऱ्याला लावायला गेलात की तलाठ्यापासून कोर्टापर्यंत सगळे जागे होतात. ट्रेडमार्कचं अगदी तसंच आहे. दुसऱ्याच्या ब्रँडचं नाव घ्यायला बंदी नाही. ते आपल्या मालाला किंवा सेवेला लावायला आहे.

तुम्ही पाठवलेला फोटो मी नीट पाहिला. वर लाल अक्षरात 'अमुक', त्याच्या शेजारी लोगो, खाली स्ट्रॉबेरीचं चित्र आणि तुमचा मोबाइल नंबर. तुमच्या ट्रॅव्हल्सचं नाव शोधायला मला फोटो मोठा करावा लागला. ते नंबरप्लेटच्या वर रेडियमच्या पट्टीत आहे आणि त्यातलं एक अक्षर उडालंय. हे नाव लावणं झालं.

आता हाच फ्लेक्स दुसऱ्या तऱ्हेने करू. वर ठळक तुमचं नाव. खाली 'एक दिवसाची स्ट्रॉबेरी सहल'. त्याखाली एका ओळीत, सगळं सारख्याच साध्या अक्षरात: 'थांबे: वाईचा ढोल्या गणपती, मेणवलीचा घाट, टेबललँड, अमुक गार्डन, वेण्णा लेक'. लोगो नाही, त्यांचा रंग नाही, त्यांच्या वळणाची अक्षरं नाहीत. इथे तुम्ही नाव घेतलंत. गिऱ्हाइकाला गाडी कुठे थांबणार ते कळायला हवं आणि त्या जागेला दुसरं नावच नाही. व्यापारचिन्ह कायदा १९९९ च्या कलम ३० मध्ये अशा प्रामाणिक, गरजेपुरत्या वापराला जागा ठेवलेली आहे. मात्र 'गरजेपुरता' या शब्दावर सगळी मदार आहे. थांब्यांच्या यादीत नाव लागतं, लोगो कशाला लागतो? लोगोशिवाय माणूस वाट चुकत नाही.

आता तुम्ही अजून विचारला नसलात तरी दुसऱ्या चहाला हमखास विचाराल असा मुद्दा: 'त्यांचा धंदा जॅमचा, माझा गाड्यांचा, मग संबंध काय?' नोंदणीसाठी माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. जॅम २९ मध्ये, सिरप-सरबतं ३२ मध्ये, प्रवास आणि सहली ३९ मध्ये, हॉटेल-खानावळ ४३ मध्ये. नाव साधंसुधं असतं तर वर्गाच्या भिंतीमागे लपायला थोडी जागा होती. नाव नावाजलेलं असेल तर कलम २९ चं चौथं उपकलम ती भिंतच काढून टाकतं. भारतात ज्या चिन्हाची ख्याती आहे, ते सबळ कारण नसताना वापरून त्या ख्यातीचा गैरफायदा घेतला किंवा तिला बाधा आणली, तर माल वेगळा असला तरी उल्लंघन होतं. नवख्यांना मी नेहमी दिल्ली उच्च न्यायालयाचं १९९३ चं प्रकरण सांगतो. एकाने अंतर्वस्त्रांना 'बेन्झ' नाव दिलं होतं. मोटार आणि बनियन-चड्डीचा काय संबंध? न्यायालयाने मनाई केलीच. ज्या नावामागे एवढी वर्षं आणि एवढी पत उभी आहे, ते तुम्ही नेमकं का उचललंत, याचं प्रामाणिक उत्तर समोरच्याकडे नव्हतं.

तुमच्याकडे आहे का? मनाला विचारा. 'सातारा स्ट्रॉबेरी टूर' न लिहिता 'अमुक' लिहिलंत, कारण त्या नावावर फोन जास्त येतात. तुम्ही प्रश्नात तसं कबूलही केलंय, "नाव टाकल्यापासून बुकिंग दुप्पट झालं". चुकून असं वाक्य नोटिशीच्या उत्तरात लिहू नका. कायदा ज्याला गैरफायदा म्हणतो तो हाच.

यावर एक आडवा फाटा घेतो, कारण शेजारच्या सांगली जिल्ह्यात याचं सुरेख उदाहरण आहे. किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली. आज ते गावाचं नाव आहे, रेल्वे स्टेशनवर पिवळ्या पाटीवर आहे. कुणी 'औंध-किर्लोस्करवाडी-सागरेश्वर' अशी सहल काढली तर बिनधास्त काढावी, तो भूगोल आहे. पण त्यातली 'वाडी' गाळून 'किर्लोस्कर टूर्स' केलं की भूगोल संपला. हे नाव व्यापारी नावात वापरण्यावरून नव्वदच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेलं होतं. समोरच्या कंपन्यांशी निगडित माणसाचं आडनावच किर्लोस्कर होतं, तरी कंपनीच्या नावासाठी तो बचाव टिकला नाही. धंदा वेगळा आहे एवढ्याने सुटका होत नाही, हेही त्या निकालाने स्पष्ट केलं. आडनाव असून भागलं नाही, तिथे पार्किंगची पावती दाखवून आपलं काय भागणार.

इमारतीच्या फोटोचंही तसंच. मुंबई दर्शन काढणाऱ्यांना मी सांगतो की गेटवेसमोरच्या ताजमहाल पॅलेसच्या वास्तूचं रूप २०१७ पासून ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं आहे. प्रवाशांनी समोर उभं राहून सेल्फी काढायला कुणाची हरकत नसते. तुमच्या पत्रकाचं मुखपृष्ठ म्हणून तो घुमट छापणं वेगळं. अमुकच्या बागेची कमान तुम्ही पत्रकावर छापली असेल तर तिचाही विचार करा.

'त्यांचीच फुकट जाहिरात होते' हा मुद्दा तुम्हाला सगळ्यात भक्कम वाटतो. मला तो सगळ्यात कच्चा वाटतो. का ते सांगतो.

सहा-सात वर्षांपूर्वी वाईकडचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांची मिनीबस एका मोठ्या हॉटेल साखळीच्या पाहुण्यांना फिरवायची. पाहुणे त्या हॉटेलात उतरायचे हे खरं, पण हॉटेलशी यांचा करार नव्हता, गेटवरच्या ओळखीवर काम चालायचं. बसच्या दोन्ही अंगांना त्यांनी हॉटेलचं नाव रंगवून घेतलं होतं, तेही झकास, पेंटर चांगला होता. मे महिन्यात पसरणी घाटात बस तापली. रेडिएटर उकळून बॉनेटमधून वाफ, बावीस माणसं कठड्याला टेकून उन्हात, त्यात चार पोरं रडतायत. या गृहस्थांचा नंबर बसवर होताच, पण त्याकडे कोण बघतो? प्रवाशांनी थेट हॉटेलच्या मुंबईच्या नंबरवर फोन लावला, "तुमची बस बंद पडलीय, दुसरी पाठवा". पलीकडच्या मुलीला कळेना, आपली बस कधी झाली. संध्याकाळपर्यंत हॉटेलच्या पानावर एक तारा देणारे पाच-सहा शेरे पडले. आठवडाभरात यांच्या दारात नोटीस.

फुकट जाहिरात गाडी धावते तोवर असते. ब्रेक लागला नाही, कुणाला जेवण बाधलं, चालकाने उद्धट उत्तर दिलं, की बदनामीही त्याच नावावर जमा होते. कंपनीची तक्रार तुम्ही पैसे कमावता ही नसते. आपल्या नावाखाली काय चाललंय यावर आपला ताबा नाही, ही असते.

'कंपनीशी संबंध नाही' ही ओळ लिहून भागेल का? दुसऱ्या नमुन्याच्या फ्लेक्सवर ती असेल तर चांगलीच, प्रामाणिकपणाला जोड मिळते. पहिल्या फ्लेक्सवर तिचा उपयोग शून्य. वरती हातभर अक्षरात नाव लावायचं आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात हात झटकायचे, हे न्यायाधीशांना दिसतं. उलट ती ओळ तुमच्यावरच उलटते, कारण लोकांचा गैरसमज होणार हे तुम्हाला आधीच माहीत होतं, असा तिचा अर्थ निघतो.

इंटरनेटवरच्या जाहिरातींबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. कुणी गुगलवर अमुकचं नाव शोधलं की आपली जाहिरात वर दिसावी म्हणून ते नाव कीवर्ड म्हणून घेता येतं का? इथे उत्तर सरसकट 'नाही' असं नाही. मेकमायट्रिपचं नाव बुकिंग डॉट कॉमने कीवर्ड म्हणून वापरण्यावरून वाद झाला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०२३ मध्ये आधीची मनाई उठवली. नुसता कीवर्ड घेतला म्हणून उल्लंघन होत नाही, ग्राहकाची गल्लत होण्याची शक्यता दिसायला हवी, असा त्यातला सूर आहे. पण तिथे जाहिरात करणारा स्वतः जगभर माहीत असलेला होता, लोक त्याला दुसरा समजतील अशी भीती कमी होती. तुम्हाला तो आधार तसाच्या तसा लागू होईल असं धरून चालू नका. आणि जाहिरातीच्या मजकुरात, पानाच्या नावात किंवा प्रोफाइलच्या चित्रात त्यांचं नाव-लोगो आला, तर विषय कीवर्डचा राहतच नाही.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते. एक, अमुकने ३९ व्या वर्गातही नोंदणी केली आहे का. तसं असेल तर तुम्हाला ख्यातीच्या मुद्द्यावर वाद घालायचीही संधी नाही, सरळ उल्लंघन. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर हा शोध फुकट घेता येतो, आज रात्रीच घ्या. दोन, तुम्ही हे नाव त्यांच्या वापराच्या आणि नोंदणीच्याही आधीपासून वापरत असाल तर कलम ३४ कामी येतं. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही, तुम्ही डिसेंबरपासून सुरुवात केलीय आणि नाव त्यांच्यामुळेच निवडलंय. तीन, परवानगी.

परवानगीबद्दल मला बहुतेक वेळा ऐकायला मिळतं ते असं: "काउंटरवरचा मॅनेजर ओळखीचा आहे, तो म्हणाला लावा की." मॅनेजर भला माणूस असेल, त्याने चहाही पाजला असेल, पण नाव त्याच्या मालकीचं नाही. परवानगी कंपनीकडून, लेखी, आणि त्यात चार गोष्टी स्वच्छ हव्यात: नाव की लोगोही, कुठे कुठे, कधीपर्यंत, आणि थांबवा म्हटल्यावर किती दिवसांत उतरवायचं. साधी ईमेल चालते. ती मागताना 'आमच्याकडून महिन्याला इतके इतके प्रवासी येतात' हा आकडा आधी लिहा, जाहिरातीचे उपकार सांगू नका. माझ्या दोन पक्षकारांना अशी ईमेल धाडल्यावर लोगो नाही मिळाला, पण गटासाठी सवलत आणि 'येथे थांबा' एवढं छापायची मुभा मिळाली. आजवर नुसतं विचारलं म्हणून कुणी कोर्टात ओढल्याचं मी पाहिलेलं नाही.

आता पार्किंगमधल्या त्या फोटोकडे येऊ. तो कुणी हौशी पर्यटकानेही काढला असेल. पण नोटीस येणार असं धरूनच वागा. फ्लेक्स आज उतरवा, इन्स्टाग्रामचं नाव आणि चित्र आज बदला, आणि बदलल्याचे तारखेसह फोटो ठेवा. नोटीस येण्याआधी स्वतःहून थांबलेला आणि आल्यावर थांबलेला, यांच्याकडे बघण्यात फरक पडतो. पुष्कळदा पहिला फटका कोर्टाकडून बसतच नाही. कंपनी थेट इन्स्टाग्रामकडे तक्रार करते आणि पान बंद पडतं. माझ्या एका पक्षकाराचं पान कासचा बहर ऐन भरात असताना गेलं, आठ वर्षांचे फोटो आणि गिऱ्हाइकांशी झालेली बोलणी त्यातच. नोटीस काय, ती नंतर निवांत आली.

नोटीस आलीच तर ती साधारण एकाच साच्याची असते: वापर थांबवा, लेखी हमी द्या, छापलेलं साहित्य जमा करा, आणि शेवटी डोळे पांढरे करणारा नुकसानभरपाईचा आकडा. आकड्याने हबकू नका, पण नोटीस कपाटातही टाकू नका. व्हॉट्सॲपवर भांडू तर अजिबात नका. वकिलाकडून मुदतीत उत्तर द्या की वापर थांबवला आहे. माझ्याकडची बहुतेक प्रकरणं तिथेच मिटली. 'मुंबईची कंपनी साताऱ्यात कुठे येणार' या भरवशावर राहणाऱ्यांसाठी सांगतो, कलम १३४ प्रमाणे नोंदणीधारक स्वतःचा धंदा जिथे चालतो तिथल्या कोर्टातही दावा लावू शकतो, म्हणजे हेलपाटे तुम्हाला. नोटिशीत १०३ आणि १०४ ही फौजदारी कलमंही बहुधा असतात. सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. ती वाचून झोप उडते. तुमच्यासारख्या प्रकरणात ती प्रत्यक्ष लागलेली मी पाहिलेली नाहीत, पण कायद्यात आहेत.

स्वतःचं नाव करा, हे मी सांगणारच. ३९ व्या वर्गात एका व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. तुमचा फ्लेक्स आणि रंगकाम याहून महाग पडलं असेल. अर्ज जाहीर झाल्यावर चार महिने हरकतीची मुदत, नोंदणी झाली की दहा वर्षं, पुढे नूतनीकरण. 'टीएम' ही अक्षरं आजपासून लावू शकता, वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी लावला तर दंड बसतो. नाव निवडताना 'सातारा दर्शन' नको, ते वर्णन आहे, कुणाच्याच मालकीचं होत नाही.

आणि साताऱ्यात असल्यामुळे एक सांगायलाच हवं. तुमच्या मनात पुढचं नाव कोणतं येणार ते मला माहीत आहे, कारण इथे दहापैकी सात जणांच्या मनात तेच येतं. १९५० चा केंद्राचा बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. केंद्राच्या परवानगीशिवाय ते धंद्यासाठी वापरता येत नाही आणि ट्रेडमार्क म्हणून नोंदतही नाहीत. रस्त्यावर शंभर पाट्या दिसतात हे उत्तर होत नाही. युनेस्कोचंही लक्षात ठेवा. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, प्रतापगड २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत आला. हे पत्रकात शब्दांत खुशाल लिहा, खरं आहे. वारशाचं बोधचिन्ह मात्र परवानगीशिवाय छापू नका. नाव घेणं, नाव लावणं, इथेही तेच.

जाता जाता त्या फ्लेक्सबद्दल. उतरवल्यावर तो नीट गुंडाळून घरी ठेवा, उद्या कुणी जमा करायला सांगितला तर दाखवता येईल. पसरणी घाटवाल्या गृहस्थांनी हमीपत्र दिल्यावर बसचं रंगकाम पुसलं, पण त्याच नावाचा एक फ्लेक्स गॅरेजमध्ये पडून होता. चांगला जाड आहे, वाया कशाला घालवायचा म्हणून तो टपावरच्या बॅगांवर ताडपत्रीसारखा बांधला, छापील बाजू वर करून. दुसऱ्या नोटिशीसोबत जो फोटो जोडलेला होता, तो हॉटेलच्या गच्चीवरून काढलेला होता.